गाऱ्हाण्यात धाकूशेट

पेडण्याच्या जुन्या बाजारामागच्या आळीत आम्ही घर घेतलं त्याला आता वर्ष होऊन गेलं. खरेदीखत झालं, वीज नावावर झाली, घरपट्टी तर न सांगताच आमच्या नावावर येऊ लागली. पण गावाच्या तोंडी ते घर धाकूशेटाचंच राहिलं. गॅसवाला सिलिंडर घेऊन 'धाकूशेटाकडे' यायचा. पाववाला पोदेर सकाळी सायकलचा भोंपू वाजवत दारात थांबायचा आणि मलाच विचारायचा, "धाकूशेटागेर आयज उंडे कितले?" मी त्याला दर वेळी सांगायची की बाबा, धाकूशेट म्हापशाला फ्लॅटमध्ये राहायला गेले, आता इथे आम्ही असतो. तो मान डोलवायचा, उंडे द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायचा.

आमचं मूळ सावंतवाडीकडचं. माझा नवरा गोपाळ खाणीवर ट्रक चालवायला डिचोलीला आला आणि लग्न झाल्यावर त्याच्या मागून मी, यशोदा. आयुष्यातली ऐन वर्षं आम्ही डिचोलीत भाड्याच्या खोल्यांत काढली. घरमालक वाईट नव्हते, पण भिंतीला खिळा म्हणून मारू द्यायचे नाहीत. देवाचं कॅलेंडर मी खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधायची, आणि वारा आला की गणपतीबाप्पा भिंतीकडे तोंड करून बसायचे. पुढे खाणी बंद पडल्या. गोपाळनं ट्रक तुयेच्या औद्योगिक वसाहतीत मालवाहतुकीला लावला, आमची श्रद्धा तिथल्याच एका कारखान्यात नोकरीला लागली, आणि तेव्हा जवळ पेडण्यातच घर बघायचं ठरलं.

घराचा ताबा मिळाला त्या दिवशी मी हातोडी घेऊन आधी भिंतींना खिळे ठोकले. टांगायला काही नव्हतं, तरी ठोकले. गोपाळ ओरडला, "अगो, चिऱ्याची जुनी भिंत ती, पडात!" मी म्हटलं, "पडली तर माजी पडात. तुमका काय?"

धाकूशेट म्हणजे ह्या घराचे आधीचे मालक. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. मुलगा गौरेश म्हापशाला स्थायिक झाला, बायकोचे गुडघे जिना-ओसरीला कंटाळले, म्हणून त्यांनी घर काढलं. व्यवहाराला माणूस पक्का. दारं-खिडक्या, विहिरीतला वाटा, मागचं भिरंडीचं म्हणजे कोकमाचं झाड, सगळं दोन-दोनदा बोलून घेतलं. पण एक सांगायलाच हवं, आमच्याआधी मोरजीहून एक दिल्लीवाला घर बघून गेला होता आणि तो आमच्यापेक्षा बरंच जास्त द्यायला तयार होता. त्यानं भिरंडीखालचा शेंदूर लावलेला दगड बघितला आणि इथे बारचं काउंटर छान दिसेल म्हणाला. धाकूशेटांनी त्याला चहासुद्धा न देता वाटेला लावलं. त्याच दगडाजवळ गोपाळनं न सांगता पायातल्या चपला काढल्या, तेवढ्यावर घर आम्हाला मिळालं.

वास्तुशांत झाली. भटजी जेवून गेले. आणि संध्याकाळी शेजारची सुमंगला कुंपणावरून म्हणाली, "वयनी, भटान घर शुद्ध केलें, तें बरें केलें. पूण राखणदाराक कोणें सांगलां?"

भिरंडीखालचा दगड राखणदाराचा. जुन्या जागेला राखणदार असतोच. खांद्यावर कांबळं, हातात काठी, असा तो रात्री हद्दीवरून फिरतो म्हणतात. वर्षातून एकदा, भात कापून झालं की, त्याला नारळ आणि रोट द्यायचा. रोट म्हणजे जाड भाकरी, आणि ती त्याच घराच्या चुलीवर भाजलेली लागते, बाहेरची चालत नाही. मग घाडी, म्हणजे गावाच्या वतीनं देवाशी बोलणारा माणूस, येतो आणि गाऱ्हाणं घालतो. म्हणजे राखणदाराला मोठ्यानं सांगतो की हे घर अमक्याचं, ही त्याची माणसं, ह्यांना सांभाळ. प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणून दुजोरा द्यायचा. आणि गाऱ्हाणं सुरू झालं की मध्ये कुणी तोंड घालायचं नाही.

मला हे सगळं ठाऊक होतं. डिचोलीत घरमालकांची इतकी गाऱ्हाणी मी ऐकली आहेत. मालकाचं नाव यायचं, मुलांची यायची, गाय व्याली असेल तर वासराचा उल्लेख व्हायचा. आम्ही भाडेकरू त्यात कधीच नसायचो. वासराला सांभाळा म्हणून मी घसा फोडून "व्हय म्हाराजा" म्हटलेलं आहे. तेव्हापासून मनात एकच होतं. कधीतरी, कुणीतरी, देवाला मोठ्यानं सांगावं की हे घर यशोदेचं आहे. ही नुसती हौस नव्हती, भूकच होती.

तर आम्ही बाबल घाडीला बोलावलं. बाबल घाडी सत्तरीचा, काटकुळा, आवाज मात्र खणखणीत. मी पहाटे उठून रोट भाजला. सुमंगला आली, तिच्या घरची आली, आळीतली चार माणसं जमली. घाडीनं दगडासमोर नारळ धरला, डोळे मिटले आणि सूर लावला.

"बा म्हाराजा, ह्या जाग्याच्या धन्या, बारा वाटांच्या राखण्या..."

"व्हय म्हाराजा!"

"आज जो काय नारळ, जो काय रोट तुज्या पायाकडे ठेवलो हा, तो धाकूशेटाचो मान म्हणान घे..."

मी डोळे उघडले. एवढी वर्षं त्या दगडासमोर तो जे म्हणत आला होता, तेच त्याच्या जिभेवरून सरसर खाली येत होतं. मी गोपाळला कोपरानं ढोसलं. त्याला वाटलं, माझा आवाज कमी पडतोय म्हणून ही ढोसते. त्यानं छाती भरून घेतली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडला, "व्हय म्हाराजा!"

"ह्या धाकूशेटाच्या घराक, तेच्या बायल-भुरग्यांक सांबाळ. तेच्या झिलाक मोठ्या हुद्द्यार ने. येयत त्या संकटाची वाट वाकडी कर..."

"व्हय म्हाराजा!" पुन्हा गोपाळच सर्वांत पुढे.

नारळ फुटला. मधे बोलायची सोय नव्हती. आमच्या नारळावर, माझ्या रोटावर, माझ्या नवऱ्याच्या साक्षीनं धाकूशेटाचं घर सांभाळायला सांगून घाडी विडी ओढत निघून गेला.

श्रद्धा मला नेहमी विचारते, आई, तू खरंच मानतेस का हे? मानण्या-न मानण्याचा प्रश्न नाही. लग्नाच्या पत्रिकेवर दुसऱ्याच नवरीचं नाव छापलं तर लग्न काही मोडत नाही, पण नवरीला विचारा. आणि मानायचं नाही म्हटलं तरी पुढे जे झालं ते काही डोळ्यांआड करता येत नाही.

महिन्याभरात गौरेशला सरकारी नोकरी लागली. गोव्यात सरकारी नोकरी म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. लोक देवळात लाडू वाटतात. त्याच आठवड्यात आमचा विहिरीवरचा पंप जळला. मग धाकूशेटांच्या बायकोचे, सुविधाबाईंचे गुडघे बरे झाल्याची बातमी सुमंगलेनं आणली. त्या म्हापशाच्या बाजारात झपझप चालताना दिसल्या म्हणे. इकडे हळर्णकडच्या रानातली माकडं आमच्या छपरावर उतरली आणि त्यांनी नळे, म्हणजे कौलं, फोडले. सुमंगलेचं छप्पर लागूनच आहे, पण तिचा एक नळा हलला नाही. गौरेशचं गौरवी नावाच्या मुलीशी लग्न ठरलं, आमच्या ट्रकचा गिअरबॉक्स गेला. मी गोपाळला म्हटलं, "आता कायव झाला तरी त्यांका चांगला, आमका वायट. आणि होकार कोणी दिल्यान? तुमी!"

"माका काय म्हायत? सगळी ओराडली, मी पण ओराडलंय," तो म्हणाला.

मी घाडीकडे गेले. तो अंगणात सुपाऱ्या निवडत बसला होता. चूक त्यानं लगेच मान्य केली, पण सुधारायचं कसं हे विचारल्यावर डोकं खाजवलं. "बाय, एकदा जेच्या नावान मागला, तां मी मागे घेवक शकत नाय. तेनीच येवन, दगडाकडे उभो रावान, 'आता हे घर माजा नाय' असा सांगूक होया. मगे तुजा नाव घालतंय."

"गोपाळचा नाव घालू नको हां," मी म्हटलं. "माजा घाल."

घाडीनं माझ्याकडे बघितलं. घरी येऊन हे गोपाळला सांगितलं तर त्याची उलट सुटका झाली. "तुजाच घालूक सांग," तो म्हणाला. "माजा नाव आयला तर तू माका जेवक वाढूची नाय."

आम्ही म्हापशाला गेलो. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नवीकोरी. धाकूशेटांनी कोकम सरबत दिलं, गौरेशच्या नोकरीचे पेढे दिले, सगळं ऐकून घेतलं. मग मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "यशोदाबाय, घर विकलें तें विकलें. पूण राखणदार हांवें खंय विकला? खरेदीखतांत भिरंड आसा, बांयच्या उदकाचो वाटो आसा. राखणदार आसा?"

मी सरबताचा पेला खाली ठेवला. त्यांनी लगेच समजुतीचा सूर लावला. "येतां गो बाय, येतां. फकत भुरग्याची नोकरी कायम जावंदी. आतां मदींच सोडलें आनी कितेंय जालें जाल्यार?"

नोकरी कायम व्हायला दोन वर्षं होती. मी तिथेच भांडले असते, पण सुविधाबाई पेढ्यांचा डबा माझ्या हातात कोंबत होत्या, आणि हातात पेढे असताना माणसाला भांडता येत नाही. पुढे मी फोन करायची आणि दर वेळी नवीन कारण निघायचं. गौरेशचं लग्न होऊ दे. सुविधाबाईंच्या गुडघ्यांचा दुसरा एक्स-रे येऊ दे. घर विकून मोकळा झालेला माणूस माझ्या घराचा आशीर्वाद तेवढा स्वतःपाशी ठेवून बसला होता, जसं कुणी घर रिकामं करताना पंखे काढून नेतं.

एवढंही मी सोसलं असतं. पण ऑक्टोबरात श्रद्धाला बघायला डिचोलीहून माणसं आली. चांगली माणसं, मुलगा गुणी. त्यांनी बाजारात पत्ता विचारला. बाजारानं बोट दाखवलं, "तें धाकूशेटाचें घर." मुलाच्या आईनं बलकांवाच्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीच्या, बाकावर बसता बसता कौतुकानं भिंती बघितल्या आणि मला विचारलं, "भाड्यान रावून खूब वर्सां जालीं काय?"

मी आत जाऊन चहा केला. चहात साखर घालायची विसरले. ते लोक गेल्यावर स्वयंपाकघरात उभी राहून रडले. आणि रडता रडताच मला राग आला, आणि राग आला की माझं डोकं चालतं, हे गोपाळ कुणालाही सांगेल. घाडीनं धाकूशेटाचं नाव घेऊन आशीर्वाद मागितला. पण त्याच दमात रोट आणि नारळ हा धाकूशेटाचा मान आहे, असंही सांगितलं होतं. मान चुकला तर राखणदार कोणाला विचारायला जाणार?

मी फोन लावला.

"धाकूशेटानू, भात कापून झाला. राखणदाराचो दिवस ईलो. औंदा रोट काय आमी भाजूचो नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? नाव तुमचा, मान तुमचो, मगे रोट पण तुमीच बघा. आमी त्या दिवशी दाराक कुलूप लावन सावंतवाडीक जातलव."

पलीकडचा आवाज एकदम खाली आला. "बाय, रोट त्याच चुलीर भाजूंक जाय. हांव हांगा कसो भाजूं?"

"तां माका काय म्हायत?"

"आनी रोट चुकलो जाल्यार? तो विचारूंक वतलो कोणाक?"

"जेचा नाव घेतल्यानी तेका."

"अगे, हांव तिसऱ्या माळ्यार रावतां!"

"मगे काय झाला?" मी म्हटलं. "तुमच्याकडे लिफ्ट असा मा!"

राखणदाराच्या दिवशी सकाळी मी अजून चूल पेटवत होते तोच धाकूशेटांची गाडी दारात उभी राहिली. हातात पाच नारळ, एक लुंगी, एक नवी काठी आणि राखणदारासाठी चामडी चपलांचा जोड. इतक्या वर्षांत त्यांनी एका नारळाच्या वर कधी आणलं नव्हतं, असं सुमंगला माझ्या कानात कुजबुजली. घाडी आला, आळी जमली. गोपाळला मी आधीच बजावून ठेवलं होतं की नाव ऐकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

घाडीनं सांगितल्याप्रमाणे आधी धाकूशेटांनी दगडासमोर घर सोडल्याचं सांगायचं होतं. ते पुढे झाले, हात जोडले. घसा खाकरला. पुन्हा खाकरला. मला वाटलं, आता आणखी काही कारण काढणार, गुडघे किंवा नोकरी.

"म्हापशाक म्हजें नांव घेवपी कोण ना गो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "थंय हांव तीनशें दोन. वॉचमन लेगीत तशेंच म्हणटा."

मग दगडाकडे वळून घाईघाईनं, कडू औषध प्यावं तसं म्हणाले, "म्हाराजा, हें घर आतां म्हजें न्हय. हांवें सोडलें." आणि बाजूला झाले.

घाडीनं नारळ धरला, डोळे मिटले, सूर लावला. आम्ही सगळे सावध.

"बा म्हाराजा, ह्या जाग्याच्या धन्या... आज जो काय नारळ, जो काय रोट तुज्या पायाकडे ठेवलो हा, तो धाकू..."

जीभच ती, इतक्या वर्षांच्या वळणावरून गेली. घाडी स्वतःच अडखळला, पण आता थांबायचं की पुढे जायचं, त्याला कळेना. मध्ये तोंड घालायचं नाही, म्हणून आळी गप्प. गोपाळ ओठ आवळून लालेलाल. आणि त्या शांततेत धाकूशेट कडाडले.

"यशोदा म्हण रे, घाडी! यशोदेचें घर हें!"

गाऱ्हाणं तोडलं त्यांनी. सुमंगलेनं तोंडावर हात ठेवला. पण घाडीनं हुश्श केलं, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "तो यशोदेचो मान म्हणान घे. ह्या यशोदेच्या घराक, तिच्या घोवाक, तिच्या चेडवाक सांबाळ!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांचा आवाज आला. माझा नाही. मी ऐकत होते. इतकी वर्षं वाट बघितली होती, तर ऐकून घ्यायला नको?

मग घाडी माझ्याकडे वळला. "आता घरवालीचा मागणा. काय मागूचा असात तां माग, बाय. तुजो हक्क."

मी तयारी करून ठेवली होती. श्रद्धाचं स्थळ, गिअरबॉक्स, माकडं, पंप, ह्याच क्रमानं. गोपाळनं तर आदल्या दिवशी माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं होतं, गिअरबॉक्स विसरू नये म्हणून. मी पुढे झाले, हात जोडले. कडेला धाकूशेट उभे होते, काठी आणि चपला दगडापाशी ठेवून मोकळ्या हातांनी. त्यांचं नाव आता म्हापशात कुणी घेत नव्हतं आणि इथेही घेणार नव्हतं. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

"म्हाराजा," मी म्हटलं, "धाकूशेटाच्या झिलाची नोकरी कायम कर."

गोपाळनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी ट्रकच दान केला. घाडीनंही एक डोळा उघडला. "बाय, ही मागणी खयच्या घरची?"

"माज्या," मी म्हटलं. "माज्या घरची मागणी."

धाकूशेट "व्हय म्हाराजा" म्हणायचं सोडून डोळे पुसत बसले. म्हणून मग गोपाळ म्हणाला, जरा कुरकुरत, पण चांगल्या मोठ्यानं.